हरलेला उठतो

अकोला
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय शबनम,

तुझ्या अब्बांचं, आपल्या फकीरचाचांचं, गेमचं मशीन तातेरावाकडंच आहे. शनिवारी प्रमोदनं स्वतः पाहून खात्री केली. माझा हा भाऊ हिंगोलीत इन्व्हर्टर आणि कॅमेरे बसवतो, हे तुला ठाऊक आहे. कनेरगाव नाक्यावर तातेरावाचा धाबा आहे, तिथलं काम त्याच्याकडं आलं. मी त्याला एकच गोष्ट सांगून ठेवली होती. लाकडी पेटीच्या उजव्या फळीवर अर्ध्या चंद्रासारखा जळका डाग आहे का बघ. आहे. लहानपणी तू चाचांचं तापलेलं सोल्डरिंगचं लोखंड जिथं टेकवून ठेवलं होतंस, तोच डाग. वरून पॉलिश मारलंय, पण डाग गेलेला नाही.

आता पुढचं वाच, आणि हातात कप असेल तर खाली ठेव. मशीनवर पितळी पाटी आहे. 'कै. वडिलांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला व्हिडिओ गेम.' वडील म्हणजे तातेरावाचे. ज्या माणसाला टॉर्चमध्ये सेल उलटे घातलेत हे कळत नव्हतं, तो.

धाब्याची मागची खोली त्यानं जुन्या व्हिडिओ गेमनी भरली आहे. केस पिकलेली, पोट सुटलेली माणसं वाशिमहून, नांदेडहून गाड्या घेऊन येतात, लेकरांना बाहेर आईस्क्रीम देऊन बसवतात आणि आत जाऊन स्वतः खेळतात. प्रमोदनं एकाला विचारलं, "मोबाईलवर असले गेम फुकट मिळतात की, इतक्या लांब काहून येता?" तो म्हणाला, "मोबाईलवर नीट हरताच येत न्हाई भाऊ. मेलं की लगेच जिवंत करतंय. इथं तीन जीव. संपले की दुसऱ्याला जागा द्यायची."

हा चाचांच्या गेमच्या दुकानाचा नियम. जिंकलेला बसतो, हरलेला उठतो. कुरुंद्यातल्या झाडून सगळ्या पोरांनी तो पाळला. एकटा तातेराव कधी उठला नाही, कारण दुकानाची जागा त्याच्या बापाची होती.

तुला सगळं आठवत असणार, तरी मला लिहून काढायचंय. शुक्रवारी चाचा नमाजला जायचे, दुकानाला आतून कडी, आणि तेवढा वेळ तुझा-माझा. पोरं असताना आपल्याला आत येता येत नव्हतं. त्या शुक्रवारी तातेराव मागच्या दारानं आला, एक नंबरच्या रिमोटवर बसला, आणि दोन नंबरवरून तू त्याला पहाडाच्या कॅसेटवर हरवलंस. वर म्हणालीस, "तातेराव, हरलेला उठतो." तो उठला नाही. बाजारात जाऊन बोलला, की फकीरभाईच्या दुकानात पोरी दार लावून बसतात. दिवाळी यायच्या आत तुझी शाळा सुटली आणि सोयरीक झाली. मला आईनं मावशीकडं उमरखेडला धाडलं. त्याच्या बापानं दुकानाला कुलूप घातलं आणि मशीन आतच राहिलं.

आता तो मोबाईलवर व्हिडिओ टाकून सांगतोय, की फकीरचाचांचा तो लाडका होता. चौदा डिसेंबरला त्यानं स्पर्धा ठेवली आहे. व्हिडिओत मशीनवर हात ठेवून म्हणतो, "पहाडाच्या कॅसेटवर मला जो हरवेल त्यानं हे उचलून न्यावं. आजवर कुणी हरवलं न्हाई."

तुझं नाव देऊ का?

तुझी
शीतल

ता. क. यातलं काही फोनवर लिहू नको. त्याची माणसं सगळ्या ग्रुपवर आहेत. कागद बरा.


वसमत
९ नोव्हेंबर २०२५

शीतल,

नाव देऊ नको. मी दिलं.

स्पर्धेच्या नंबरवर फोन केला तर एका पोरीनं उचलला. तातेरावाची मुलगी, पूर्णा. इथं वसमतलाच बारावीला आहे, मामाकडं राहते, आणि बापाचे व्हिडिओ तीच काढते. म्हणाली, "काकू, तुमी पहिल्याच लेडीज." मी म्हणाले, "पहिली नसेन बाळा." नाव सांगितलं शबनम अशफाक. माहेरचं तिनं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

तो व्हिडिओ मी पाहिला. पाटीवर बापाचं नाव लावलं, ते एकवेळ गिळलं असतं. पण त्यानं कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, ते मला बघवलं न्हाई. अब्बा कुणाला फुंकू द्यायचे न्हाईत. तोंडाची ओल लागते, पितळ खराब होतं, म्हणायचे. खोडरबरनं घासायचं, कापडानं पुसायचं. फुंकणाऱ्याला दुकानाबाहेर उभं करायचे. अब्बा गेले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खोडरबर निघालं. ते माझ्याजवळ आहे. आणि हा म्हणतो, मी फकीरचाचांचा लाडका.

लोक म्हणतात शबनमचं बरं झालं. झालंच आहे. अशफाकमियाँ भले माणूस आहेत, हळदीच्या मार्केटात त्यांना मान आहे, सोहेल इंजिनीअरिंगला गेला. मला तकलीफ न्हाई. पण नववीच्या पुस्तकांना मी नवे कव्हर घातले होते, शीतल. खाकी कागदाचे, कोपरे दुमडून. ती पुस्तकं अम्मीनं गल्लीतल्या एका पोरीला दिली, आणि ती पोरगी वर्षभर आमच्या दारावरून ते कव्हर मिरवत शाळेत गेली. तिला मी आजपर्यंत माफ केलं न्हाई. तिचा तर काही कसूर पण नव्हता. मग ज्याचा होता त्याला कसं करू?

मला मशीन पाहिजे, आणि त्याला उठलेला बघायचाय. दोन्ही पाहिजे. एकावर माझं भागणार न्हाई.

सरावाला काहीतरी धाड. माझे हात आता शिलाई मशीनचे झालेत. आणि ध्यानात ठेव, मला दोन नंबरच्या रिमोटवर सराव पाहिजे. एक नंबर तो सोडणार न्हाई. त्यालाच ते मधलं बटण आहे. समोरच्यानं उडी घेतली की तो बराबर ते दाबायचा, खेळ हवेत थांबायचा. पुन्हा चालू केला की आपला अंदाज चुकलेला, माणूस खाली. पोरं त्याला 'ठप' म्हणायची. दोन नंबरला ते बटणच न्हाई, म्हणून उलटून आपण काही करू शकत नव्हतो. तातेराव आजही ठप करणार. माणसाचं पोट वाढतं, खोड बदलत न्हाई.

शबनम


अकोला
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय शबनम,

पार्सल जपून उघड. जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडं टीव्ही गेम मिळाला. पिवळा पडलाय, पण चालतो. त्याला वाटलं मी लेकरासाठी नेतेय. म्हणाला, "बाई, लेकरू रडंल, याच्यात काहीच न्हाई." मी म्हटलं, "रडणार आहे, पण लेकरू न्हाई." लॅबमधल्या स्पिरिटनं सगळं पुसून काढलं. फुंकलेलं नाही.

पहाडाची कॅसेटही मिळाली. मी स्वतः दोन संध्याकाळी खेळून पाहिली. तीच दोन बुटकी माणसं, तेच डोक्यानं छत फोडत वर चढणं. वरचा पुढं गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन जीव गमावतो. लहानपणी मला हा खेळ वाटायचा. आता चाळिशीत बघताना वाटलं, अगदी अस्संच झालं की आपल्याबरोबर.

आता कामाचं. तातेरावाचा नवा व्हिडिओ आलाय, त्यात त्याच्या मुलीनं त्याचे हात अगदी जवळून घेतलेत. मी तो थांबवून थांबवून पाहिला. रक्ताच्या काचपट्ट्या बघून बघून माझी नजर असल्या कामाला बसली आहे. ठप करताना तो उजवा अंगठा मधल्या बटणावर नेतो. म्हणजे उडीच्या बटणावरचा अंगठा उचलतो. खेळ परत चालू करायलाही तोच अंगठा लागतो. खेळ सुरू होतो तेव्हा त्याचा अंगठा अजून मधेच असतो, शबनम. तेवढ्या क्षणात तो उडी मारू शकत नाही. तू मारू शकतेस.

लहानपणी आपण त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. हाताकडं बघायला पाहिजे होतं.

तू उडी घ्यायची नाहीस. घेतल्यासारखं करायचं, दोन पावलं पुढं जायचं. तो ठप करील. मग थांबायचं आणि चालू होताक्षणी सुटायचं. याचा सराव कर. ठप करायला घरातलं कुणीतरी बसव.

बाकीचं माझ्यावर सोड. त्या दिवशी प्रमोद तिथं असणार आहे.

शीतल


वसमत
२८ नोव्हेंबर २०२५

शीतल,

ठप करायला अशफाकमियाँना बसवलं. पहिल्या दिवशी म्हणाले, "बेगम, या वयात लोकं हजला जायची तयारी करतात." दुसऱ्या दिवशी मार्केटातून लवकर घरी. आता त्यांना असा नाद लागलाय की मी जेवायला वाढून राहिले तरी म्हणतात, ठप. परवा अम्मीचा फोन आला, मी बोलतेय आणि हे बाजूला बसून हवेत अंगठा दाबून राहिले. पण त्यांच्यामुळं हात बसला. तू म्हणतेस तो मधला क्षण मला आता कानानं कळतो. बंद पडलेलं गाणं परत सुरू होतं ना, त्याच्या पहिल्या सुराला मी सुटते. अशफाकमियाँ आता माझ्याशी रुसून खेळतात.

दुसरी बातमी चांगली न्हाई. गुरुवारी पूर्णा घरी आली. म्हणाली, स्पर्धेतल्या सगळ्यांचे फोटो काढून राहिले, तुमचा पण काढते. फोटो एक काढला आणि बसून राहिली. टीव्ही गेम समोरच होता, झाकायला वेळ मिळाला न्हाई. म्हणाली, "काकू, खेळून दाखवा ना." मी समजले. बापानं धाडलंय.

मग मी खेळले, आणि असं खेळले की अशफाकमियाँनी कपाळाला हात लावला. सरळ खड्ड्यात उड्या मारल्या. पक्षी आला की त्याच्याच अंगावर गेले. तिन्ही जीव घालवून म्हणाले, "जमतच न्हाई बाई, हौस म्हणून नाव दिलंय." ती माझ्याकडं बघत होती. जाताना म्हणाली, "तुमी रिमोट लई हलका धरता." आता हे बापाला जाऊन सांगणार. सांगू दे. शिकाऊ समजला तर बरंच आहे.

डोळे मात्र बापाचे न्हाईत तिचे. आईचे असतील.

शबनम


अकोला
३ डिसेंबर २०२५

प्रिय शबनम,

खड्ड्यात उड्या मारल्यास ते फार बरं केलंस. डोळे आईचे असोत नाही तर आजीचे, पोर त्याचीच आहे. तिला पुन्हा घरात घेऊ नको. आपल्यालाही एकानं मागच्या दारानं येऊनच बुडवलं होतं.

आई दरवर्षीप्रमाणे सहा तारखेसाठी दादरला निघाली आहे, प्रमोद सोबत जातोय. आठवड्याच्या सुरुवातीला तो परत नाक्यावर कामाला असेल. मला रजा मिळते आहे. मी येऊ का? तुझ्या मागं उभी राहीन, बोलणार नाही.

आणि एक लक्षात ठेव. खेळात काहीही झालं तरी त्या दिवशी तातेराव चारचौघांत तोंडावर पडणार. हे पक्कं आहे. तू निवांत खेळ.

शीतल


वसमत
९ डिसेंबर २०२५

शीतल,

काल प्रमोद वसमतला आला होता. मी चहा टाकला. बिचाऱ्याला वाटलं मला सगळं माहीत आहे. म्हणाला, "ताई, कितव्या जीवाला लाइट घालवू तेवढं सांगून ठेवा."

म्हणजे हे तुझं 'पक्कं'. मी हरायला लागले की प्रमोद इन्व्हर्टर बंद पाडणार, मशीन काळं पडणार, आणि गर्दीत तुझी माणसं ओरडणार की तातेरावाची बेईमानी. मला न सांगता.

माझं नीट ऐक. त्या मशीनला आठवण न्हाई. लाइट गेली की कोण जिंकत होतं, कोण हरत होतं, सगळं पुसलं जातं. मला पुसलेलं नको. मी हरले तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हरेन आणि उठेन. तो हरला तर त्याला सांगायला एक पण कारण राहायला नको. लाइट गेली, इन्व्हर्टर खराब होतं, असं म्हणत तो मरेपर्यंत मिरवेल. तू त्याला तोंडावर पाडत न्हाईस, त्याला पळायला दार उघडून देऊन राहिलीस.

प्रमोदला मी अब्बांची कसम घातली आहे. त्या दिवशी बत्ती हलली तर त्याचं-माझं नातं तुटलं. त्यानं मान हलवली. तुझं तू बघ.

आणि येऊ नको. तू मागं असलीस की मी तुझ्याकडं वळून बघेन. तेवढ्यात तो ठप करील.

शबनम


अकोला
११ डिसेंबर २०२५

शबनम,

येत नाही. प्रमोदलाही सांगितलं, तू म्हणशील तसं.

रागात आहेस म्हणून थोडक्यात लिहिते. तुझी सोयरीक झाली तेव्हा लोक निदान गप्प झाले. उमरखेडला माझ्याआधी माझी बातमी पोहोचली होती. वर्गात मी दाराजवळ बसले की कुणीतरी म्हणायचं, कडी नको लावू हं. मी शिकले, नोकरीला लागले, सगळं झालं. आजही खोलीचं दार लोटताना माझा हात अडखळतो. म्हणून मला त्याच्या जिंकण्याची एवढीशीसुद्धा शक्यता ठेवायची नव्हती. तू हरलीस तर तो हसेल, आणि ते हसू मला अकोल्यात ऐकू येईल.

तर हरू नको.

शीतल


वसमत
१६ डिसेंबर २०२५

शीतल,

तातेराव उठला.

निकाल प्रमोदनं तुला फोनवर सांगितलाच असणार, पण त्याला सांगता येत न्हाई. हे पत्र त्याच्याच हाती देऊन राहिले, म्हणजे लवकर पोहोचेल.

खोली गच्च भरली होती. कुरुंद्याची जुनी पोरं पण होती, आता कुणी सरपंच, कुणी दुकानदार. हिरासिंग आठवतो? अब्बा त्याला सारखं बाहेर उभं करायचे, फुंकतो म्हणून. टक्कल पडलंय. मला कुणी ओळखलं न्हाई. डोक्यावर ओढणी, डोळ्यांवर चष्मा. आधीचे सगळे मी हरवले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, जसं शाळेत लहान लेकरासाठी वाजवतात.

मग तातेराव आला. खुर्चीत मावत न्हाई, पण बसला. म्हणाला, "ताई, तुमी दोन नंबर घ्या. घरच्या माणसाला एक नंबर, असा जुना रिवाज आहे."

मी म्हणाले, "माहीत आहे."

त्यानं कॅसेट काढली, पोरीच्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि फुंकायला तोंड पुढं केलं. मी म्हणाले, "द्या इकडं." पर्समधून अब्बांचं खोडरबर काढलं, घासलं, ओढणीच्या कोपऱ्यानं पुसलं आणि परत लावलं. तो माझ्या हाताकडं बघत राहिला. मग तोंडाकडं. हळूच म्हणाला, "फकीरभाईची?"

"व्हय. फकीरभाईचीच."

त्यानंतर तो कॅमेऱ्याकडं बघून हसला न्हाई.

पहिला जीव माझा गेला. सगळा सराव विसरले, खरीखुरी उडी घेतली आणि त्यानं ठप केलं. मागं अशफाकमियाँ खोकले. मग मी भानावर आले. दोन पावलं पुढं गेले, तो ठप. मी थांबले. गाण्याचा पहिला सूर, आणि मी वर. तो खालीच. एक जीव गेला. परत तसंच. दुसरा गेला. तेव्हा मागून हिरासिंग म्हणाला, "ठप कर तात्या, ठप कर." एक-दोघं हसले. मग त्यानं बटण दाबलं की सगळी खोली म्हणायला लागली, ठप. तुला तो आवाज ऐकायला पाहिजे होता. इतकी वर्षं ज्यांनी गप बसून बघितलं, तेच म्हणत होते.

शेवटच्या जीवाला त्याला ते बटण दाबायची हिंमत होईना. आणि दाबल्याशिवाय खेळायचं कसं, ते त्याला येतच न्हाई. अंगठा मधेच लटकला होता, उडीवर पण न्हाई, बटणावर पण न्हाई. मी बघितलं आणि सरळ चढत गेले. पडदा वर सरकला. त्याचा माणूस खालून गेला.

तो लगेच म्हणाला, "लाइट खालवर होऊन राहिली. मशीन जुनं आहे."

प्रमोद दारात उभा होता. म्हणाला, "तातेरावभाऊ, इन्व्हर्टर मी बसवलाय. सकाळपासून बत्तीचा डोळा लवला न्हाई." हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहून राहिले.

मग मी म्हणाले. ओरडले न्हाई, कुणाला हळद कुठं टाकू विचारावं तशी म्हणाले. "तातेराव, हरलेला उठतो."

त्यानं पोरीकडं बघितलं. ती व्हिडिओ काढत होती, तिनं फोन खाली केला न्हाई. मग तो उठला. प्लास्टिकची खुर्ची त्याच्याबरोबर उठली, हिरासिंगनं मागून ओढून काढली. मी एक नंबरवर बसले. खुर्ची अजून गरम होती. प्रमोदनं पाटी काढायला पेचकस पुढं केला, तो मी तातेरावाच्या हातात दिला. एक पेच गंजलेला होता, त्याला फार वेळ लागला. मी मदत केली न्हाई.

तुला वाटत असेल आता माझं मन थंड झालं. न्हाई झालं. परत येताना मी अशफाकमियाँना म्हणाले, अजून थोडं पाहिजे होतं. ते थोडं कुठून आलं ते ऐक.

निघताना मी हात धुवायला मागं गेले तर पूर्णा आली. म्हणाली, "काकू, त्या दिवशी तुमी मुद्दाम हरत होता."

"तुला कसं कळलं?"

"हरणारा माणूस रिमोटकडं बघतो. तुमी माझ्याकडं बघत होता."

"मग बापाला काहून सांगितलं न्हाई?"

ती नळ बंद करून राहिली, उघडून राहिली. म्हणाली, "त्यांनी मला कधी एक नंबर दिला न्हाई. घरी पण न्हाई." मग म्हणाली, "त्यांचे हात मी जवळून काढले होते. कुणीतरी बघेल म्हणून."

आपण तिला बापाची हेर ठरवलं होतं, शीतल. ती तर तुला दाखवत होती.

"मला शिकवाल?" असं तिनं विचारलं. न्हाई म्हणणार होते. जीभ टाळूला लागलीच होती. मग तातेराव आतून तिला हाक मारून राहिला, "पूर्णा, चल, बंद कर ते." आणि मी म्हणाले, "ये."

तर आता असं आहे. गुरुवारी हिरासिंगचा टेम्पो मशीन घेऊन येणार. नवी हळद यायला अजून अवकाश आहे, तोवर पोत्यांची पुढची खोली रिकामीच आहे, तिथं ठेवणार. शुक्रवारी दुपारी अशफाकमियाँ नमाजला गेले की खोली पोरींची. गल्लीतल्या तिघी येतो म्हणाल्यात. पूर्णा कॉलेज सुटलं की येईल. तिला नाक्याला न्यायला दर शुक्रवारी तातेराव गाडी घेऊन येतो, तो खेळ संपेपर्यंत बाहेर थांबेल. त्याला मी आत बोलावणार न्हाई. पोरीला एक नंबरचा रिमोट देणार, आणि मधल्या बटणावर चिकटपट्टी लावणार. ठप केल्याशिवाय जिंकायचं कसं ते ती आधी शिकेल. उन्हाळ्यापर्यंत ती बापाला हरवेल, असा माझा अंदाज आहे, आणि तेव्हा 'हरलेला उठतो' हे त्याला घरात ऐकायला मिळेल.

तू या शुक्रवारी रजा टाक आणि ये. दार लोटायची वेळ तुझ्यावर येणार न्हाई. ते मी सताड उघडं ठेवणार आहे, आत कोण हसतंय ते त्याला रस्त्यावर ऐकू जायला पाहिजे.

शबनम